झाडूचे नऊ हात

“बरं, राहू द्या आई, मीच सांगते,” असं म्हणून सून खडू घेऊन कपाटाकडे वळली. झालं ते एवढंच. तिच्या आवाजात तुसडेपणा नव्हता, घाई होती. उद्या सकाळी साडेनऊला तिला शाळेत नमुना पाठ द्यायचा होता, वीस मिनिटांचा. हेडबाई आणि आणखी दोघं मागच्या बाकावर बसून बघणार होती, आणि कपाटाच्या दाराला काळा रंग देऊन केलेल्या फळ्यासमोर तिची ही अकरावी की बारावी तालीम चालली होती. समोर दोन खुर्च्यांवर तीन उशा मुलं म्हणून मांडल्या होत्या. चौथं मूल म्हणून आज तिनं सासूला बसवलं. “आई, पाचवीतली मुलगी व्हा की जरा,” म्हणाली. सासूला सगळी गल्ली मावशी म्हणायची; शाळेत सव्वीस वर्षं शिपाई म्हणून काढली त्यातून चिकटलेलं ते नाव. “आता ह्या वयात पाचवीत घाल मला, दुसरी तरी कुठं धड झाली!” असं म्हणत का होईना, पण मावशी ओले हात पुसत येऊन उशांच्या रांगेत बसल्या. बसताना त्यांना उगीचच पाठ ताठ करावीशी वाटली. सुनेनं विचारलं, “दुपारी आपली सावली लहान का होते?” उशांवरून नजर फिरवली, मग मावशींकडे बघितलं. मावशींच्या आत काहीतरी हललं. उत्तर नव्हतं ते अजून. शिंकेच्या आधी नाकात येतं ना, तसलं काहीतरी. त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच सून ते “राहू द्या” म्हणाली.

“दूध ठेवलंय गॅसवर,” म्हणत मावशी उठल्या. दूध सकाळीच तापवून झालं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात येऊन त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कान तापले होते. कशाचा एवढा राग यावा? सून काही त्यांना हिडीसफिडीस करून बोलली नव्हती. उलट लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी एका शब्दाने वर चढली नाही. मावशींची जीभ कशी आहे हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत असताना हे सोपं नव्हतं. तरी पण छातीत काहीतरी खटकन बसलं होतं, दाराची कडी बसते तसं. भिंतीपलीकडून सुनेचा आवाज येत होता. सूर्य, किरण, कोन. आवाज चांगला होता, खणखणीत. शब्द स्वच्छ. भिंतीपलीकडून शाळा ऐकायची मावशींना सवयच होती. वर्गाच्या आत त्या सव्वीस वर्षांत कधी पाच मिनिटं बसल्या नसतील, पण व्हरांडा त्यांच्याइतका कुणी ऐकला नसेल. दुसरी घंटा झाली की लांब दांड्याचा झाडू घेऊन त्या एका टोकापासून निघायच्या, आणि एकेक दार मागे पडत जायचं तसतसे आतले आवाज बदलत जायचे. एक मास्तर सगळा तास खोकायचे, त्यांना मावशी खोकलामास्तर म्हणायच्या. एक बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी “कळलं?” म्हणायच्या, त्या कळलंबाई. कुणाला काय येतं आणि कोण नुसतं पुस्तक ओकतं, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांना कधी कळलं नसेल, मावशींना कळायचं. त्यांचं माप साधं होतं. आत मास्तरांनी प्रश्न विचारला की त्या मोजायला लागायच्या. उत्तर येईपर्यंत झाडूचे किती हात होतात? खोकलामास्तरांचा एक. कळलंबाईंचा एकही नाही, झाडू उचलायच्या आत त्या स्वतःच उत्तर देऊन “कळलं?” म्हणून मोकळ्या. बहुतेकांचा एक, दीड, फार तर दोन. कामाचा कंटाळा घालवायला काढलेला खेळ तो, कुणाला सांगण्यासारखा नव्हता. शिपायानं मास्तरांना मोजायचं म्हणजे काय!

शेवटच्या वर्गात मात्र एक बाई होत्या. बारीक चणीच्या, केस नीट न विंचरलेल्या, चेहऱ्यावरून वाण्याच्या दुकानात हिशेब चुकणाऱ्या वाटाव्यात अशा. शिक्षक त्यांना पाठीमागे मुकीबाई म्हणायचे. त्या प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. मावशी पहिल्यांदा त्या दाराशी आल्या तेव्हा त्यांना वाटलं वर्ग सुटला. एक हात, दोन हात, पाच हात. आत कुणी हू का चू करेना. सात. मावशींना स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. कुणीतरी बोला रे, असं ओरडावंसं वाटलं. नवव्या हाताला एक मुलगी बोलली. चाचरत, अर्धवट, चुकीचं. आणि मुकीबाई तिलाच म्हणाल्या, “पुढं.” झालं, पुन्हा तेच. त्या दिवशी मावशींनी तेवढी फरशी चारदा झाडली. पुढं पुढं तर त्या शेवटचा वर्ग मुद्दाम राखून ठेवायच्या, ताटातला आवडता घास शेवटी ठेवावा तसा. तिथली मुलं हुशार होती असं नाही, त्याच गल्लीबोळातली होती, पण त्या वर्गातून बाहेर पडताना त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळाच थकवा असायचा, काहीतरी जड उचलून आल्यासारखा. असं आपल्याला कधी कुणी थकवलं नाही, असं एकदा मावशींच्या मनात येऊन गेलं होतं, आणि मग त्यांनी बादली जोरात आपटून ते घालवलं होतं.

पलीकडे सून म्हणत होती, “मग आता सांगा, सकाळी सावली कुठल्या बाजूला पडेल? विरुद्ध बाजूला! बरोबर.” अर्धा हात. अर्धासुद्धा नाही.

हे मावशींना पहिल्या तालमीपासून माहीत होतं. खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून. सुनेनं पहिल्या शाळेत अर्ज केला त्याच्या आदल्या रविवारी ती त्यांच्या मुलाला समोर बसवून शिकवत होती तेव्हापासून. मुलगा गरीब, कारखान्यातून दमून आलेला, बायको काही विचारणार तेवढ्यात मान डोलवायचा. “असा रे कसा विद्यार्थी तू? बैल बरा,” असं मावशी म्हणाल्या होत्या आणि सगळे हसले होते. पण त्या हसण्याआड त्यांनी ऐकलं होतं, की ही थांबत नाही. बोलते सुंदर, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं, सगळं पाठ, पण थांबत नाही. प्रश्न टाकते आणि कुणी उचलायच्या आत स्वतःच उचलून घेते, जसं काही घर पसरलंय आणि पाहुणे आलेत. त्यांनी ऐकलं आणि त्या गप्प राहिल्या. पहिल्या शाळेनं “कळवू” म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. दुसऱ्या शाळेनं तेवढंही सांगितलं नाही. सून दोन्ही वेळा घरी येऊन पिशवी टेबलावर ठेवून नुसती बसून राहिली, आणि दोन्ही वेळा मावशींनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, “त्यांनाच अक्कल नाही” म्हणाल्या. आणि हे त्या कधी कुणाला सांगणार नव्हत्या, देवालासुद्धा नाही, पण तेव्हा पोटात कुठंतरी खोल त्यांना गुदगुल्या झाल्या होत्या. दोन दोन पदव्या! आणि जे आपल्याला झाडू मारता मारता कळलं ते हिला कळत नाही. ही सून घरात आली तेव्हा बारावी पास होती. पुढं शिकवलं ते मावशींनीच. “तू शीक, चूल मी बघते” असं चारचौघांत छातीठोकपणे सांगून. शिक्षकांच्या खोलीत सव्वीस वर्षं चहाचे कप नेले आणि विसळले, त्या खोलीत आपल्या घरातली एक बाई खुर्चीवर बसावी, तिच्यासमोर कुणीतरी कप ठेवावा, एवढं एकच त्यांना हवं होतं. ते खरंच होतं. गुदगुल्याही खऱ्या होत्या. माणसाच्या पोटात एवढी जागा असते कशी, त्यांना नवल वाटलं.

ओट्यावरून बाहेरच्या टेबलावरची फाइल दिसत होती. गेले दोन महिने ती फाइल घरातलं जणू चौथं माणूस झाली होती. गुणपत्रिका, दाखले, साक्षांकित प्रती, फोटो, शिकवणीच्या वर्गात तीन वर्षं शिकवलं त्याचं पत्र. एकेक कागद सुनेनं चारचारदा तपासून लावला होता. ह्या अर्जाला अजून एक काळजी होती: पुढच्या महिन्यात सुनेला अडतीस पूर्ण होत होती, आणि अडतीसनंतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे उद्या हो, नाहीतर कधीच नाही. सून हे बोलत नसे. नखं मात्र खात असे, आणि नखं खाणारी बाई शिक्षिका कशी होणार म्हणून मावशी तिला रागावत असत.

कडी बसल्यासारखी ती जागा छातीत अजून दुखत होती. मावशींनी ती हाताने चोळली, आणि चोळताना हात थांबला. ही जागा नवी नव्हती. दुसरीतली दुपार होती ती. वर्गात जमिनीवर बसलेली चाळीस-पन्नास मुलं, आणि उभं राहून वाचायचं होतं. मास्तरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. त्या उठल्या. पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं, तिसरं जोडाक्षर होतं. ते ओठांवर येत होतं, खरंच येत होतं, जिभेच्या टोकावर त्याची चव आली होती. “बस खाली,” मास्तर म्हणाले. “पुढची.” रागावले नाहीत, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी राहिलं असतं. पुढचीनं घडाघडा वाचलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी सांगितलं पोट दुखतंय, दुसऱ्या दिवशीही पोट दुखलं, आणि पोट महिनाभर दुखत राहिलं. आईला धाकट्या भावंडांना धरायला कुणीतरी हवंच होतं. तिनं फार विचारलं नाही. पुढं मोठेपणी मात्र सांगताना ह्या गोष्टीचा चेहराच बदलला. “मला घरच्यांनी काढलं शाळेतून, नाहीतर आज हेडबाई असते मी,” असं मावशी चाळीस वर्षं सांगत आल्या होत्या: लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत. मेलेल्या आईबापांच्या नावावर हे खापर फोडून त्यांचं काही बिघडलं नव्हतं. ते दोघं काही उठून सांगायला येणार नव्हते.

“आई,” सून दारात उभी होती. बोटांना खडू, कपाळालाही खडू. “दूध कुठंय?”

“पिऊन टाकलं.”

“रागावलात ना माझ्यावर?”

“मी कशाला रागावू? मी कोण? चौथी उशी.”

सून हसली, पण हसणं अर्ध्यावर सांडलं. ती चौकटीला टेकली. “आई, एक सांगू? मला वाटतं मी उद्या जाऊच नये. मला सगळं येतं हो. पुस्तक येतं, फळा येतो, पाठ बरोबर विसाव्या मिनिटाला संपतो. आणि तरी दोन्ही ठिकाणी त्या मागच्या बाकावरच्यांचे चेहरे दहाव्या मिनिटाला मेल्यासारखे झाले. माझ्यात काहीतरी कमी आहे. काय ते कुणी सांगत नाही.”

मावशी नळाकडे बघत राहिल्या. नळाला एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. आता बोललं तर सगळंच बोलावं लागेल. तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं, हे ती विचारणार नाही, तेवढी ती भली आहे, पण तिच्या डोळ्यांत ते येईल, आणि मग ते डोळे रोज ह्याच घरात जेवायला बसणार. गप्प राहणं किती सोपं होतं. “त्यांनाच अक्कल नाही” हे वाक्य जिभेवर तयारच होतं, दोनदा वापरून गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते गिळलं.

“कमी नाहीये,” त्या म्हणाल्या. “जास्त आहे. तू मूल तोंड उघडतं ना, त्याच्या आधीच उत्तर कोंबतेस त्याच्या तोंडात.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! थांबत नाहीस तू. प्रश्न विचारतेस आणि लगेच सांगतेस. मग विचारतेस कशाला? मला आधीपासून माहीत होतं. पहिल्या शाळेच्या आधीपासून.” हे म्हणताना त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, पण म्हटलं. “बोलले नाही. का नाही बोलले ते विचारू नकोस, उत्तर चांगलं नाही त्याचं.”

चौकटीवर तिची नखं घासल्याचा आवाज आला. मग ती हळू म्हणाली, “शांतता झाली ना आई, की मला वाटतं मीच चुकले. मुलांना येत नाही म्हणजे मला शिकवता येत नाही. म्हणून मी पटकन…”

“झाकून टाकतेस.”

“हो.”

“मलाही कुणीतरी झाकलं होतं,” मावशी म्हणाल्या, आणि मग ती गोष्ट त्यांनी सांगितली; जोडाक्षर, “बस खाली”, पोटदुखी. लग्नाबारशात सांगायची ती नव्हे, खरी. सांगताना त्यांना वाटलं होतं लाज वाटेल. वाटलीच, पण फार नाही. पायातला काटा काढल्यावर जेवढं दुखतं तेवढी. “आणि हेडबाई-बिडबाई काही नाही. मीच गेले नाही परत. झालं? आता चल.”

“कुठं?”

“वर्गात. तुला विचारायचंय ना काहीतरी? मला विचार. आणि मी तोंड उघडेपर्यंत तू तोंड उघडलंस तर बघ.”

बाहेरच्या खोलीत दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर पडलं होतं. उशा तशाच बसल्या होत्या, शहाण्यासारख्या. मावशी त्यांच्या रांगेत बसल्या. सुनेनं फळा पुसला, उगीचच दुसऱ्यांदा पुसला, मग वळली. “दुपारी आपली सावली लहान का होते?”

आणि खोली शांत झाली. मावशींचा उजवा हात मांडीवर आपोआप हलला. एक. खरंच, का होते? लहान होते हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक कसलं, त्याच्यावर त्यांनी शाळा चालवली होती. दोन. शाळेतलं घड्याळ सारखं बंद पडायचं, म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी फाटकाच्या खांबाची सावली बघून ठेवली होती: मधल्या सुट्टीच्या वेळी ती सरकत येऊन पहिल्या फरशीच्या कडेला टेकायची. तिथं त्यांनी खिळ्यानं रेघ मारली. घड्याळ बंद असलं की रेघेवर घंटा, एक मिनिट इकडंतिकडं नाही. तीन. मग थंडीत घड्याळ पुन्हा बंद पडलं. मावशी खांबाशी उभ्या. सावली येईना. आखडत आली, रेघेच्या दोन हात अलीकडे थांबली, आणि बघता बघता उलटी लांबायला लागली. शाळेतली चारशे मुलं डबे मांडीवर घेऊन बसलेली, आणि मावशी खांबावर डोळे लावून. सव्वा तास. शेवटी हेडमास्तर स्वतः येऊन घंटेला लोंबकळले. चार. सगळा स्टाफ आठवडाभर हसला. खोकलामास्तर हसताना खोकून खोकून बेजार झाले. एकट्या मुकीबाई संध्याकाळी फाटकाशी आल्या, रेघेशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “मावशी, का नाही आली हो इथवर?” आणि गप्प बसल्या. मावशींच्या तोंडाकडे बघत, वाट बघत. सगळ्या जन्मात त्यांच्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. आणि मावशी म्हणाल्या होत्या, “मला काय ठाऊक बाई, मी शिपाई आहे,” आणि किल्ल्या वाजवत निघून गेल्या होत्या. पाच.

समोर सुनेचे ओठ हलले. मावशींनी भुवई वर केली. ओठ मिटले. हातातला खडू तिनं इतका घट्ट धरला होता की तो मोडला आणि एक तुकडा फरशीवर घरंगळत मावशींच्या पायाशी आला. कुणी उचलला नाही. सहा. सात. फरशीवर उन्हाचा चौकोन होता आणि त्यात खिडकीच्या गजाची सावली. आत्ता तिरपी. उन्हाळ्यात हाच चौकोन खिडकीच्या अगदी बुडाशी असतो, त्यात वाळत घातलेल्या चादरी पापडासारख्या कडक होतात. थंडीत तो पार आत येतो, पलंगापर्यंत, पायांवर घ्यायला बरा. आत येतो. का येतो आत? कारण ऊन आडवं येतं. वरून नाही येत, आडवं. आठ. जिभेच्या टोकावर साठ वर्षांपूर्वीची ती चव आली, खडूची आणि पाटीची. त्यांना भीती वाटली, आता ही बोलणार. आता म्हणणार राहू द्या. सून बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं, पण ती बोलली नाही. नऊ. नऊही गेले. दहावा हात मावशींनी कधी मोजला नव्हता.

“सूर्य डोक्यावर येतो म्हणून,” त्या म्हणाल्या, आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी. “वरून ऊन पडलं की सावलीला जायला जागा नसते, ती पायातच गोळा होते. आडवं पडलं की लांब पळते. आणि थंडीत… थंडीत तो मेला दुपारीसुद्धा पुरता डोक्यावर येतच नाही. कडेकडेनं जातो. म्हणून नाही आली रेघेवर.”

“कुठल्या रेघेवर?” असं सून विचारेल असं त्यांना वाटलं. किंवा “बरोबर, शाब्बास” म्हणेल. त्या शब्दासाठी त्यांनी, खोटं कशाला, मान थोडी पुढंही केली होती. सुनेनं गालावरचं पाणी खडूच्या हातानं पुसलं, तिथं पांढरा पट्टा उमटला. तिनं फळ्याकडे पाठ तशीच ठेवली.

“कशावरून?” ती म्हणाली.

मावशींना संताप आला. मेली, एवढं सांगितलं तरी हिचं समाधान नाही! त्या काहीतरी तिखट बोलणार होत्या. पण सून हात मागे बांधून उभी होती, त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि कुठंही जाणार नव्हती. मावशींनी फरशीवरच्या उन्हाकडे बघितलं. मांडीवरचा हात पुन्हा हलायला लागला. एक.